खाली जायला सोबत

शिट्टी एकदा वाजली की निघायचं, दोनदा वाजली की जिथं असाल तिथं थांबायचं. अण्णा काठावर उकिडवे बसून हे पुन्हा सांगतायत. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, गळ्यात शिट्टी. पूर्व भागातल्या मार्कंडेय जलतरण तलावावर सकाळची बॅच सुटत आलीय, पोरं ओल्या पायांनी कपडे बदलायला पळतायत. दिवाळी नुकतीच झाली आहे. सोलापुरात थंडी म्हणून जी काही पडते ती याच दिवसांत पहाटेची, आणि आम्ही चौघं पाण्यात गळ्यापर्यंत उभे राहून तिच्यात कुडकुडतोय. प्रत्येकाच्या कपाळावर मास्क, कानाजवळ स्नॉर्कलची नळी, पायात फिन्स. लेनच्या पलीकडून पोहणारे एक काका थांबून विचारतात, "काय करलालाव हे?"

"जोडी शोधलालाव," अण्णाच उत्तर देतात.

शोध माझा आहे. स्कूबाचं लायसन्स हातात आलं तरी एकटीला खाली जाता येत नाही. पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार लागतो, त्याला जगभर 'बडी' म्हणतात. आपल्याकडची हवा संपली, नळी निसटली, पाय जाळ्यात अडकला, तर हाताच्या अंतरावर जो असेल तो. त्यासाठीच रेग्युलेटरला आपल्या तोंडातल्या नळीशिवाय आणखी एक नळी असते, बहुधा पिवळ्या रंगाची, लांबून दिसावी अशी. ती स्वतःसाठी नसते, शेजारच्यासाठी असते.

सोलापुरात "आम्ही स्कूबा केलंय" असं सांगणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. मालवणची सहल, होडी, पाठीवर सिलिंडर, भोवती मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून केलेली खूण. मला त्या फोटोंविषयी प्रेमच आहे. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातली आजी सत्तरीच्या घरात पाण्याखाली जाऊन मासे बघून येते, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या बुडीत सगळं प्रशिक्षक करतो. तो मागून सिलिंडर धरतो, जॅकेटमध्ये हवा भरतो आणि सोडतो, आपल्याला पुढे नेतो. आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. त्यातून आनंद मिळतो, जोडीदार तयार होत नाही. त्यासाठी 'ओपन वॉटर' कोर्स लागतो: वर्गातला अभ्यास, तलावातला सराव, समुद्रातल्या चार बुड्या. शिवाय २०० मीटर पोहून दाखवायचं आणि कशाचाही आधार न घेता १० मिनिटं तरंगायचं. मग १८ मीटरपर्यंत जाण्याची परवानगी, तीही जोडीनेच.

एकट्याने गेलेल्या माणसाला किनाऱ्यावर जोडी मिळतेच. सकाळी होडीत शेजारी बसलेला कोणीतरी पर्यटक, त्याचं नाव कळेपर्यंत आपण पाण्यात. तो किती हवा खर्च करतो, घाबरला की काय करतो, खूण केली की बघतो की नाही, यातलं काहीच ठाऊक नसतं आणि दुपारी तो आपल्या वाटेने जातो. मला रोज सकाळी दिसणारं माणूस हवंय. ते मालवणात शोधून कसं मिळेल? ते इथेच मिळेल, जिथं आम्ही वर्षभर एकाच पाण्यात पोहतो.

पहिली शिट्टी. दोन-दोनच्या जोड्या निघतात. पुढच्या जोडीत इंजिनिअरिंगचा मुलगा आणि शाळेत इतिहास शिकवणारे सर. मागे मी आणि सिव्हिलमधल्या सिस्टर. मुलगा आमच्यातला सगळ्यात वेगवान, आंतरमहाविद्यालयीन पदकं मिळवलेला. सरांना वेग नाही पण दम आहे. विजयदुर्गाजवळच्या समुद्रातली दगडी भिंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्यात उतरून तपासली, हे वाचल्यापासून त्यांना खाली जायचंय. सिस्टर रात्रपाळी करून थेट इथे आल्यात. त्यांना समुद्राचं फारसं काही नाही. पाण्याखाली कुणी हाक मारत नाही, एवढंच त्यांना आवडतं म्हणतात.

पाण्यात तोंड घालून, खांद्याला खांदा ठेवून पोहायचं. पाच-सहा वेळा पाय मारले की शेजारी बघायचं, अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा, समोरून तसाच गोल आला की पुढे. इतकंच.

पण अण्णांनी सरांच्या कानात आधीच काहीतरी सांगून ठेवलंय. तलावाच्या मध्यावर सर पाय मारायचं थांबवतात आणि जागच्या जागी तरंगत राहतात. मुलगा पुढे जातो. सुंदर पोहतो तो, पाण्याला जराही धक्का न देता. भिंतीला हात लावतो, डोकं वर काढतो, केसांतलं पाणी झटकतो आणि मग उजवीकडे बघतो.

"सर कुठायत?"

अण्णा उत्तर देत नाहीत. नुसतं बोट दाखवतात. सर मागे, अर्ध्या तलावाच्या अंतरावर, हात वर करून.

"खाली असता तर?" अण्णा विचारतात. "तोंडात हवा नाही, तर एवढं लांब येणार का सर?"

मुलाचा चेहरा उतरतो. आमची पाळी येते. मला थांबायला सांगितलेलं आहे. मी थांबते, आणि सिस्टर दुसऱ्याच झटक्याला मान वळवतात, शेजारी कुणी नाही हे बघून कंबरेतून वळतात आणि परत येतात. माझ्यासमोर येऊन तळवा आडवा धरून हलवतात: काही गडबड आहे का? मी गोल दाखवते. मास्कच्या काचेमागे त्यांचे डोळे शांत आहेत. रात्रभर वॉर्डात एकेका कॉटकडे बघत फिरण्याची सवय इथेही तशीच चालू आहे. मला माझी जोडी मिळालीय हे त्या क्षणी कळतं, आणि इतका आनंद होतो की स्नॉर्कलमध्ये पाणी जातं.

अण्णांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते विहिरीत पोहायला शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. मुटका कसा मारायचा, सूर कसा मारायचा, हे थोरल्या पोरांकडून. "विहिरीत एकटा जायचाच नाय," ते म्हणतात. "एक आत, एक वर. वरच्यानं मोजायचं. ओकटी, रेंडू, मूडू... वीसपर्यंत डोकं दिसलं नाय की उडी." घरात तेलुगू, बाजारात मराठी, असे सोलापूरच्या विणकर घरांतले अण्णा आकडे नेहमी तेलुगूतच मोजतात.

दरम्यान शेजारच्या लेनमध्ये तीन कॉलेजकुमारांची पैज लागलीय, एका श्वासात पाण्याखालून कोण पलीकडे जातो. एकजण भिंतीला पाठ लावून भराभरा, खोल खोल श्वास घ्यायला लागतो. अण्णांची शिट्टी इतकी जोरात वाजते की सगळा तलाव थांबतो.

मी त्या मुलांना जवळ बोलावते, कारण हे मला सांगायलाच हवं असं वाटतं. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो धुऊन टाकला की गुदमरल्यासारखं होतच नाही, घंटाच वाजत नाही. प्राणवायू संपतो आणि माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो. कसली धडपड नाही, आवाज नाही. काठावरच्यांना वाटतं, पोरगा अजून दम धरून आहे. चांगले पोहणारेच यात जातात. मुलं ऐकतात. भिंतीला टेकलेला मुलगा विचारतो, "मग स्कूबात किती वेळ दम धरायचा, ताई?"

कधीच नाही. स्कूबातला पहिला नियम तोच, श्वास कधी रोखायचा नाही. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीभर घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात तर ती फुगून दुप्पट होऊ पाहते, आणि फुप्फुस काही तेवढं फुगत नाही.

कपडे बदलून आम्ही टपरीवर चहा घेतो. सरांच्या पिशवीत मेडिकल फॉर्म आहेत. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, रक्तदाब, फिट, हृदय. अण्णांनाही एक फॉर्म दिलेला आहे. कारण आम्हा सगळ्यांच्या मनात पाचवा माणूस पहिल्यापासून तेच आहेत. या तलावात त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळतं?

अण्णा फॉर्म वाचत नाहीत. सिस्टरकडे देतात. सिस्टर एकेक प्रश्न वाचतात आणि दम्याच्या ओळीवर थांबतात. "अण्णा, रात्री छाती वाजते ना तुमची?"

"थंडीत वाजते थोडी. मागावरच्या सगळ्यांची वाजते."

यंत्रमागाच्या खोलीत जे कोणी उभं राहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. चादर आणि टॉवेलचं हे शहर, त्याचे तंतू हवेत असतात, भुवयांवर बसतात, वर्षानुवर्षं छातीत जातात. फुप्फुसातली एखादी बारीक वाट चिकटून बंद झाली तर वर येताना तिच्यामागे हवा अडकते. दम्याच्या माणसाने डॉक्टरने तपासून हो म्हटल्याशिवाय खाली जायचं नसतं. अण्णा तपासून घेतात. दोन दिवसांनी फुंकण्याच्या चाचणीचा कागद घेऊन ते तलावावर येतात तेव्हा आम्हाला विचारावं लागत नाही.

"मी होडीत बसतो," ते म्हणतात. "वरचा माणूस पायजेच की."

तारखेचं गणित त्यानंतरचं. मालवणला पाणी स्वच्छ असतं ते थंडीत. मेअखेर समुद्र खवळतो आणि पावसाळाभर बुड्या बंद. जानेवारी चांगला, पण सर मान हलवतात. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, त्यांच्या घरातले दोघं नंदीध्वज पेलणारे. गड्ड्याच्या दिवसांत सोलापूर सोडायचं नाव काढायचं नाही. म्हणजे डिसेंबर.

"एवढ्या लांब कशाला पण?" मुलगा म्हणतो. "उजनी आहे की आपली. पाणीच पाणी."

कल्पना मोहाची आहे. १९८० साली भीमा अडवली तेव्हा गावंच्या गावं त्या पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं. सरांचे डोळे चमकतात. पण त्या पाण्यात हिरवं शेवाळ इतकं की हात लांब केला तर बोटं दिसणार नाहीत. खाली पडक्या भिंती, बाभळीची खोडं, मासेमारीची जाळी. जिथं जोडीदार दिसत नाही तिथं जोडी कसली? शिवाय तो जलाशय समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५०० मीटर उंच आहे. ३०० मीटरच्या वरची बुडी ही उंचावरची बुडी मानतात, तिचे हिशेब वेगळे. अण्णा मात्र यातलं काही बोलत नाहीत. ते २०२४ च्या मे महिन्याची आठवण काढतात, कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. आपत्ती दलाची माणसं दिवसांमागून दिवस पाणी धुंडाळत होती. "ते पाणी मजेचं नाय," अण्णा म्हणतात. उजनीचा विषय तिथे संपतो.

डिसेंबर. मालवणच्या जेट्टीवरून होडी सुटते आणि सिंधुदुर्गाचा तट उजव्या हाताला सरकायला लागतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरट्या बेटावर पायाभरणी केलेला हा किल्ला आम्ही याआधी पायऱ्या चढून पाहिलेला आहे. आज त्याच्या पायथ्याचं पाणी बघायचंय. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत सर, सिस्टर आणि मुलगा कोर्स करतायत. मी त्यांच्यासोबत उजळणी. कोर्सच्या चार बुड्या काल संपल्या. आजच्या बुड्या आमच्या स्वतःच्या. पुढे इथलाच एक वाटाड्या आहे, पण जोड्या आमच्या.

होडी डोलते. सिलिंडर एकमेकांवर आपटतात. सिस्टर माझ्यासमोर उभ्या राहतात आणि वरपासून खालपर्यंत तपासतात: जॅकेट फुगतंय का, वजनाचा पट्टा नीट आहे का, बकल कुठे सुटतं, हवेची तोटी पूर्ण उघडी आहे का. माझा रेग्युलेटर स्वतःच्या तोंडात धरून दोन श्वास घेतात, काट्याकडे बघत. काटा हलत नाही. २०० बार. मग मी त्यांचं तपासते. या छोट्या सिलिंडरमध्ये साधारण २२०० लिटर हवा कोंबलेली असते. १० मीटरवर ती वरच्यापेक्षा दुप्पट वेगाने संपते, आणि घाबरलेला माणूस ती आणखी लवकर संपवतो.

"भियाचा नाय," वाटाड्या मुलाला सांगतो. "मी आसंय."

"भीत नाही हो," मुलगा म्हणतो, आणि सरांचं बकल दुसऱ्यांदा ओढून बघतो.

खाली. दोरीला धरून, पाय आधी. तीन-चार हातांवर कान दाबतात, नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, आत 'टक्' होतं, मग पुढे. सिस्टरचा एक कान उघडत नाही. त्या हात आडवा हलवतात, कानाकडे बोट दाखवतात. मी त्यांच्याबरोबर थोडी वर जाते. आम्ही थांबतो. पुन्हा फुंकणं, पुन्हा उतरणं. घाई कुणाला आहे? दोघी तळाशी पोचतो तेव्हा घड्याळात ९ मीटर.

खडक, आणि खडकावर प्रवाळ. तपकिरी, हिरवट, काही पंख्यासारखे पसरलेले. अंगावर काळे पट्टे असलेल्या पिवळट माशांचा थवा आमच्यातून आरपार जातो. १९८७ मध्ये मालवणचा हा समुद्र अभयारण्य झाला, महाराष्ट्रातलं पहिलं समुद्री अभयारण्य. तरी प्रवाळावर कुठे कुठे नांगराचे ओरखडे दिसतात आणि एका कपारीत तुटक्या जाळ्याचा निळा धागा अडकलाय. मी तो बघत बसते. एक गोबरा कपारीतून तोंड काढून माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

आणि मग समोर एक हात. सिस्टर माझ्या नजरेच्या रेषेत आल्यात. त्यांनी डाव्या तळहातावर दोन बोटं ठेवलीत: हवा किती? मी काटा बघते, दाखवते. १०० बार. निम्मी संपलेली. त्यांची १२०. त्या मान हलवतात आणि परतीची दिशा दाखवतात. मी विचारलेलं नव्हतं.

पुढे, दृश्य धूसर होतं तिथं, दुसरी जोडी चाललीय. मुलगा पाय मारतो, दोनदा, तीनदा, आणि मान वळवतो. सर आहेत. पुन्हा पाय मारतो, पुन्हा वळतो. सर एका दगडाशी रेंगाळलेत, त्यावर कुणी घाव घातलेत की नुसतीच फट आहे ते बघत. मुलगा थांबतो. ज्याने तलावाची भिंत कुणाहीपेक्षा आधी गाठायची सवय केलीय तो हात छातीशी बांधून, पाण्यात आडवा, सरांचं होईपर्यंत वाट बघतोय. मला पाण्याखाली ओरडता येत नाही, नाहीतर अण्णांना हाक मारून दाखवलं असतं.

५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा. मग वर, आपल्या बुडबुड्यांपेक्षा हळू.

अण्णा होडीच्या कडेला वाकून बसलेले. "दोन ठिकाणी बुडबुडे होते," ते म्हणतात. "मधेच एक जोडी थांबली. मागची की पुढची?"

"पुढची," मुलगा मास्क काढत सांगतो. "सर दगड बघत होते."

"तू थांबलास?"

"मग?"

अण्णा त्याच्या हातात पाण्याची बाटली देतात.

थोड्या विश्रांतीनंतर दुसरी बुडी, तीही नीट होते. शेवटची बुडी संपून आम्ही वर येतो तेव्हा दुपारचे साडेबारा. जेवणात सुरमई, सोलकढी, आणि अण्णांनी घरून आणलेली शेंगा चटणी, कारण तिच्याशिवाय त्यांचं होत नाही. गाडीवाला दाराशी येऊन उभा राहतो. चारला निघालो तर रात्री कोल्हापूर, उत्तररात्री सोलापूर, त्याला परवाचं लग्नाचं भाडं आहे. मुलाचं सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल. सरांची शाळा. दोघंही बॅगा भरायला लागतात.

"नाही," सिस्टर म्हणतात.

"अहो सिस्टर, विमान थोडीच आहे!"

"फोंडा घाट आहे."

त्या कागद मागून घेतात आणि हिशेब मांडतात. एकापेक्षा जास्त बुड्या झाल्या की १८ तास विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो, बाहेरचा दाब झपाट्याने उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. घाट चढला की आपण पाचशे मीटरच्या वर. कोल्हापूर तेवढंच. आपलं सोलापूरच साडेचारशे मीटरवर. आपल्या बुड्या उथळ होत्या, बहुतेक काही होणार नाही. पण झालं तर ते रात्री घाटात होईल, आणि गाडीत ऑक्सिजन नाही.

"साडेबारा आणि अठरा," अण्णा बोटं मोडतात. "उद्या सकाळी साडेसहा."

सर बॅग खाली ठेवतात. मुलगा थोडा वेळ दाराशी उभा राहतो, मग फोन काढून मित्राला प्रॅक्टिकलच्या बॅचबद्दल विचारतो, दुपारच्या बॅचला बसता येईल का म्हणून. गाडीवाला रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता सांगतो. सिस्टर वॉर्डात फोन लावतात आणि उद्याची पाळी बदलून मागतात.

"मार्चमध्ये परत यायचं तर आणखी दोघं लागतील," सर भत्त्याचे पैसे मोजता मोजता म्हणतात. "शेजारच्या लेनमधला तो पैजेवाला पोरगा?"

"आधी मी बघतो त्याला," अण्णा म्हणतात. "वळतो का ते."